लाइट आल्यावर टीव्हीवर जुनेच भाव: दुकानातले मीडिया प्लेअर कसे लावावेत

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. मामांची इंदुरात मिठाई-नमकीनची तीन दुकानं आहेत, रामबाग, सुदामानगर आणि विजयनगर. मिळून पाच टीव्ही आणि प्रत्येकामागे एक अँड्रॉइड मीडिया प्लेअर, म्हणजे टीव्हीवर चित्र चालवणारा छोटा बॉक्स. भाव आणि जाहिराती तुम्ही घरी बसून बदलता. एरवी चालतं, पण लाइट जाऊन आली की एखादा टीव्ही जुनेच भाव दाखवत राहतो, एखादा काळाच राहतो. बॉक्स विकणारा म्हणतो नेट खराब आहे, नेटवाला म्हणतो बॉक्स खराब आहेत. तेव्हा नेमकं कुठलं सेटिंग बदलावं, की पाचही बॉक्स काढून महागडे प्लेअर घ्यावेत?

बॉक्स आत्ता काढू नका. मी गेली पंधरा वर्षं इंदुरात दुकानं, दवाखाने आणि मंगल कार्यालयांत असे टीव्ही बसवतो आहे. तुम्ही सांगताय ती तक्रार माझ्याकडे दर पावसाळ्यात येते आणि बहुतेक वेळा बॉक्स आणि नेट दोन्ही ठीकच असतात. चूक असते ती लाइट परत आल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार मिनिटांची. बसवणारा माणूस सगळं सुरू असताना सेटिंग करतो, चित्र दिसलं की पैसे घेऊन जातो. सगळं बंद पडून, कोणी हात न लावता, पुन्हा उभं राहतं का हे तो बघतच नाही.

त्या तीन-चार मिनिटांत काय होतं ते बघा. लाइट आली की टीव्ही, प्लेअर, राउटर आणि फायबरचा डबा एकाच क्षणी सुरू होतात, पण तयार होतात वेगवेगळ्या वेळी. प्लेअर मिनिटाभरात उभा राहतो. फायबरचा डबा आणि राउटर यांना मिळून दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणजे प्लेअर जागा होऊन पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आयपी आकडा, मागतो तेव्हा तो द्यायला राउटर तयार नसतो. काही प्लेअर पत्त्याविना बसतात, काही १६९.२५४ ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता स्वतःच घेतात. हा आकडा प्लेअरच्या नेटवर्क पानावर दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की राउटरशी त्याचं बोलणं झालेलं नाही. मग प्लेअर वेळ विचारतो, उत्तर नाही. तुम्ही भाव चढवता तो सर्व्हर शोधतो, उत्तर नाही. चांगलं अ‍ॅप दर मिनिटाला पुन्हा विचारत राहतं. साधं अ‍ॅप दोन-तीनदा विचारून थांबतं आणि कोणी रिमोटने बंद-चालू करेपर्यंत तसंच बसतं.

म्हणून पहिला खर्च प्लेअरवर करू नका. प्रत्येक दुकानात राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी छोटा १२ व्होल्टचा राउटर-यूपीएस लावा. जेल रोडला किंवा महारानी रोडला सहज मिळतो. फक्त तुमच्या दोन्ही डब्यांचे अडॅप्टर किती व्होल्ट आणि किती अँपिअरचे आहेत ते वाचून घ्या. नेट चालूच राहिलं की प्लेअर जागा होताच त्याला पत्ता मिळतो, वेळ मिळते, सर्व्हर मिळतो. तुमची निम्मी तक्रार इथेच संपेल असं मला वाटतं. वाटतं म्हणतो, कारण लाइट गेल्यावर तुमच्या भागातलं फायबरचं जाळंच बंद पडत असेल तर दुकानातल्या यूपीएसने काही होणार नाही. ते बघायला लाइट गेलेली असताना फोन दुकानाच्या वाय-फायला जोडा, फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि एखादं पान उघडतं का बघा.

आता घड्याळ. जुन्या भावांचं मूळ मला सर्वांत जास्त वेळा इथे सापडलं आहे आणि बॉक्सवाला किंवा नेटवाला दोघांपैकी कोणीही इथे बघत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बऱ्याच स्वस्त प्लेअरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. रास्पबेरी पायवर केलेले प्लेअर घ्या, चौथ्या पिढीपर्यंतच्या बोर्डांवर ते नाहीच. पाचवीत आहे, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. वीज गेली की असा प्लेअर वेळ विसरतो. जागा झाल्यावर कुठला तरी शेवटचा जतन केलेला तास धरतो, नाहीतर कारखान्यात भरलेली तारीख, नाहीतर सरळ १ जानेवारी १९७०, पहाटे ५.३०. ही ५.३० ची वेळ गमतीने येत नाही. यंत्राची मोजणी तिथल्या शून्यापासून सुरू होते आणि आपली भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे.

तारीख चुकली तर फक्त वेळापत्रक बिघडत नाही, सर्व्हरशी जोडणीच तुटते. तुमचा सर्व्हर सुरक्षित जोडणीवर, म्हणजे एचटीटीपीएसवर, असणार. जोडणी करताना प्लेअर सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो आणि त्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. कित्येक सर्व्हर ९० दिवसांची प्रमाणपत्रं वापरतात. प्लेअर स्वतःला १९७० मध्ये समजत असेल, किंवा गेल्या वर्षात, तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. तो जोडणी नाकारतो, नवे भाव उतरवत नाही आणि साठवलेले जुने दाखवत राहतो. इकडे नेटवाला येऊन फोनवर स्पीड तपासतो, भरपूर येतो, आणि तो म्हणतो बॉक्स खराब. बॉक्सवाला दुकानात नेऊन लावतो, तिथे नेट चालूच असल्याने वेळ लगेच मिळते, सगळं चालतं, आणि तो म्हणतो नेट खराब. दोघंही खोटं बोलत नाहीत.

तेव्हा सेटिंगमध्ये ‘आपोआप तारीख-वेळ’ चालू ठेवा आणि टाइम झोन हाताने ‘कोलकाता’ करा. या बॉक्सवर पुष्कळदा शांघायची वेळ असते आणि ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. रामबागेच्या दुकानात सकाळी पोहे-जलेबीचा बोर्ड आणि ११ नंतर मिठाईचा बोर्ड असं लावलंत, तर शांघायच्या वेळेने पोहे साडेआठलाच गायब होतील आणि ऐन गर्दीत गिऱ्हाईक विचारेल, पोहे संपले का? प्लेअरमध्ये वेळेचा सर्व्हर, म्हणजे एनटीपी, लिहायची सोय असेल तर दोन लिहा. पहिला तुमचा राउटर, जर तो वेळ देऊ शकत असेल. यूपीएसवर असल्याने तो वेळ विसरणार नाही. दुसरा बाहेरचा, ‘इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग’ असा. ही विचारणा यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून जाते. राउटरच्या फायरवॉलमध्ये कोणी कडक नियम लावले असतील तर ते पोर्ट बाहेर जाण्यासाठी मोकळं आहे ना, ते पाहा.

पत्त्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की बॉक्सवाल्याने पाचही प्लेअरना स्टॅटिक आयपी, म्हणजे प्लेअरमध्येच लिहिलेला कायमचा पत्ता, दिला आहे. हेतू चांगला आहे, पण त्यात एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. एका कापड दुकानात मी प्लेअरला १९२.१६८.१.५० हा पत्ता कायमचा दिला. सकाळी उत्तम, आणि रोज ११ च्या सुमारास डॅशबोर्डवर, म्हणजे प्लेअर जोडलेले आहेत का ते दाखवणाऱ्या पानावर, प्लेअर लाल. मी केबल बदलली, स्विच बदलला, चौथ्या दिवशी मालकांना सांगून सकाळपासून तिथेच बसलो. कर्मचारी आले, सगळ्यांचे फोन वाय-फायला लागले आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “भैया, स्क्रीन फिर चली गई.” राउटर फोनना १९२.१६८.१.२ पासून २०० पर्यंतचे पत्ते वाटत होता आणि त्यातला ५० कोणाच्या तरी फोनला जात होता. एका पत्त्यावर दोघं राहायला आले की टपाल कोणालाच धड पोचत नाही.

तेव्हापासून मी प्लेअरमध्ये पत्ता लिहीत नाही. प्लेअर डीएचसीपीवर, म्हणजे राउटर देईल तो पत्ता घेण्यावर, ठेवतो आणि राउटरमध्ये त्याच्या मॅक अ‍ॅड्रेससमोर, म्हणजे यंत्राच्या कायमच्या ओळख-क्रमांकासमोर, पत्ता राखून ठेवतो. राउटर बदलला तरी प्लेअर मुका होत नाही आणि सगळ्या नोंदी एका पानावर दिसतात. केबलचा मॅक अ‍ॅड्रेस आणि वाय-फायचा मॅक अ‍ॅड्रेस वेगळे असतात, जो वापरणार तोच लिहा. राउटरचं पान तुमच्या हातात नसेल आणि स्टॅटिकच ठेवावा लागला, तर वाटपाच्या टप्प्याबाहेरचा पत्ता घ्या आणि डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, रकाना रिकामा सोडू नका. तो रिकामा असला की प्लेअरला नेट असतं पण सर्व्हरचं नाव सापडत नाही, आणि ही चूक ओळखायला चांगल्या माणसांचे दोन-दोन दिवस जातात.

वाय-फाय की केबल, यावर माझं मत ठाम आहे: टीव्ही भिंतीवरून हलणार नाही, तर त्याला केबल द्या. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुमच्या दुकानात २० मीटरही लागणार नाही. विजयनगरला भाड्याच्या जागेत भिंत फोडता येत नाही असं तुम्ही लिहिलंय, तिथे वाय-फायच ठेवा. पण प्लेअर टीव्हीच्या पत्र्यामागे अगदी मध्यभागी चिकटवू नका, कडेला आणा. आणि गिऱ्हाइकांना देता त्या वाय-फायवर तो कधीच नको. प्लेअर आणि बिलिंगचं मशीनही शक्यतो वेगवेगळ्या नेटवर्कवर ठेवा. पासवर्ड कारखान्यातला असेल तर आजच बदला. आणि कोणी ‘बाहेरून बघायला पोर्ट फॉरवर्ड करून देतो’ म्हणालं तर नको म्हणा. प्लेअर स्वतः बाहेर जाऊन सर्व्हरला विचारतो, बाहेरच्या कोणी आत यायची गरजच नाही.

आता भाव आणि व्हिडिओ. तुम्ही भावांचा बोर्ड आणि मिठाईचे व्हिडिओ एकत्र करून एकच मोठी फाइल बनवता, हे मला बदलावंसं वाटतं. हिशेब करू. फुल एचडी व्हिडिओ ८ एमबीपीएसने बनवला तर ३० सेकंदांचे ३० एमबी होतात. असे दहा व्हिडिओ म्हणजे ३०० एमबी, दुकानात दोन प्लेअर असले तर ६००. नेट त्या वेळी २ एमबीपीएसच मिळत असेल तर ४० मिनिटं लागतात. काजू कतलीचा भाव बदलायला ४० मिनिटं, आणि मध्ये लाइट गेली तर काही अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उतरवतात. भाव वेगळे ठेवा: स्क्रीनचे दोन भाग करा, एकात भावांचं चित्र किंवा मजकूर, तो काही शे केबीचाच असतो, दुसऱ्यात व्हिडिओ. भाव लगेच जाऊ द्या आणि व्हिडिओ उतरवायची वेळ रात्रीची लावा, दुकान बंद झाल्यावर टीव्ही बंद पण प्लेअर चालू असा. त्यासाठी प्लेअरला स्वतःचा अडॅप्टर हवा. टीव्हीच्या यूएसबीमधून वीज घेत असाल तर ते आधी बंद करा. टीव्ही बंद झाला की तोही मरतो, आणि त्या यूएसबीची ताकद बहुधा अर्ध्या अँपिअरची असते.

फाइलचं नावही दर वेळी नवं द्या. ‘भाव’ नावाचीच फाइल पुन्हा चढवली तर काही अ‍ॅप नाव तेच पाहून साठवलेली जुनी फाइल चालवत राहतात. नावात तारीख घाला.

आणि एक गोष्ट, जी मी आता प्रत्येक दुकानात आग्रहाने करतो. भावांच्या प्रत्येक बोर्डाला मुदत द्या, म्हणा दोन दिवसांची, आणि मुदत संपली की दिसेल असा एक बिनभावाचा बोर्ड प्लेअरमध्येच कायमचा ठेवा: दुकानाचं नाव, चार सुंदर फोटो, ‘आजचे भाव काउंटरवर विचारा’. दिवाळीच्या आदल्या दिवशी टीव्हीवर एक भाव आणि बिलात दुसरा असला की गिऱ्हाईक चिडतं, आणि ते ऐकून घ्यावं लागतं गल्ल्यावरच्या मुलाला, ज्याचा यात काही दोष नाही. जुना भाव दाखवण्यापेक्षा भाव न दाखवणं बरं. मुदत मात्र घड्याळावर चालते, म्हणून घड्याळाचं काम आधी करा, मग हे.

देवनागरीचं जरा बघा. खालून सरकणाऱ्या पट्टीत तुम्ही मजकूर टाकता तो युनिकोडमध्येच हवा. आपल्याकडे दुकानांत आणि छपाईवाल्यांकडे कृतिदेव हा युनिकोड नसलेला जुना फाँट अजून खूप आहे, त्यात टाइप केलेलं तसंच डकवलं की टीव्हीवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोड असूनही काही स्वस्त बॉक्स पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला टाकतात आणि जोडाक्षरं फोडतात. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता हा फाँट अ‍ॅपमध्ये भरता आला तर भरा आणि ‘विक्री’, ‘ताज्या’, ‘आजऱ्याचा’ असे शब्द लिहून तपासा. तरीही बिघडलं तर मजकुराचं चित्र करून टाका. लोक बोर्ड वाचतात, मोडकी अक्षरं डोळ्याला लागतात.

काळ्या टीव्हीचं कारण सहसा वेगळं असतं. घरगुती टीव्ही लाइट आल्यावर स्टँडबायमध्ये लाल दिवा लावून बसतो, त्याला रिमोट हवा असतो. मेनूत ‘पॉवर ऑन मोड’ अशासारखं काही असेल तर ते ‘ऑन’ करा. काही टीव्हींत ते हॉटेल मोडच्या आत लपलेलं असतं. चार तास रिमोट दाबला नाही तर आपोआप बंद होण्याची सोय असते, तीही काढा. टीव्ही चालू आहे पण ‘सिग्नल नाही’ असं येत असेल, तर प्लेअर आधी जागा झाला, टीव्ही नंतर. एचडीएमआयमधून प्लेअर टीव्हीला विचारतो की तुला कुठलं चित्र चालेल. टीव्ही झोपलेला असला तर उत्तर येत नाही आणि प्लेअर चुकीचं काहीतरी धरतो किंवा चित्रच पाठवत नाही. प्लेअरमध्ये रिझोल्यूशन ‘ऑटो’ न ठेवता १९२०×१०८०, ६० हर्ट्झ असं पक्कं करा. फोरके टीव्ही असला तरी हेच ठेवा. भावांच्या बोर्डाला फोरकेची गरज नाही आणि बॉक्स कमी तापतो. कढईच्या वाफेच्या वर तर तो टांगूच नका. मे महिन्यात इंदुरात बाहेरच ४० च्या वर असतं आणि तेलकट धूळ जाळीत बसली की बॉक्स दुपारी आपला आपण बंद पडतो.

अँड्रॉइड म्हणून दोन-तीन गोष्टी: बॉक्स सुरू होताच अ‍ॅप आपोआप उघडेल असं करा, त्याला बॅटरी बचतीच्या नियमातून वगळा, झोपण्याची वेळ ‘कधीच नाही’ करा आणि आपोआप अपडेट बंद ठेवून महिन्यातून एकदा स्वतः करा. पेन ड्राइव्ह लावला की आपोआप चालवण्याची सोय असेल तर तीही काढा.

महागडे प्लेअर कधी घ्यावेत, हे दुकानांच्या संख्येवर आणि तुमच्या वेळेवर आहे. ब्राइटसाइनसारखे प्लेअर याच कामासाठी बनलेले असतात, वीज आली की थेट चित्र चालवायला लागतात, मध्ये अँड्रॉइडचा पसारा नसतो. दहा-बारा दुकानं झाली, शहराबाहेर गेली, तर मी तेच सुचवेन, कारण एका फेरीचा खर्च प्लेअरच्या फरकापेक्षा जास्त होतो. पाच टीव्ही, सगळे इंदुरात, तर वरचं सगळं करून एक पावसाळा काढा.

सेटिंग झाल्यावर अशी चाचणी घ्या, आणि मामांना सोबत उभं करा. दुकान उघडण्याआधी मेन स्विच बंद करून दहा मिनिटं थांबा. चालू करा आणि कशालाही हात लावू नका, फोनवर वेळ मोजा: सगळे टीव्ही पाच मिनिटांत आजचे भाव दाखवायला हवेत. मग फक्त नेटची केबल काढून प्लेअर बंद-चालू करा. साठवलेलं चालायला हवं. केबल काढलेलीच ठेवून डॅशबोर्डवर एक भाव बदला, केबल लावा आणि किती मिनिटांत बदल दिसतो ते लिहून ठेवा.

यातलं काही बदलण्याआधी मात्र पुढच्या वेळी लाइट जाऊन आली की जुने भाव दाखवणाऱ्या प्लेअरवर तीन गोष्टी बघून मला कळवा: तो कुठली तारीख दाखवतो, त्याचा आयपी कुठल्या आकड्यांनी सुरू होतो, आणि डॅशबोर्डवर तो शेवटचा कधी दिसला. तारीख चुकलेली असेल तर घड्याळापासून सुरुवात करू, १६९.२५४ दिसला तर राउटरपासून. दोन्ही बरोबर असून भाव जुने असतील तर फाइलचं नाव आणि अ‍ॅप बघावं लागेल, त्यासाठी अ‍ॅप कुठलं आहे तेही लिहा.